कानशीची जागा

फार मागं, हत्यारं बोलायची तेव्हाची गोष्ट. भिवबा लोहाराच्या ऐरणीजवळच्या दगडावर दोनच हत्यारं मावत. तिथं हातोडा आणि सांडशी बसायची.

एकदा कानस रुसली. "मी भिवबाच्या बापाच्या हातची, अन् मी दाराशी? ही कालची पोर ऐरणीजवळ?"

"बसा की आत्याबाई," सांडशी म्हणाली. "पण तापलेलं लोखंड दर खेपेला मलाच धरावं लागतं. तुमचं काम शेवटी एकदाच."

"एकदाच, पण धार माझीच!"

भिवबानं थोरलीचा मान राखला, जागा बदलल्या. लेकीच्या कापणीसाठी तो विळा घडवत होता. हत्यार जागेवरच ठेवायची त्याला सवय. दर खेपेला तो सांडशीसाठी दारापर्यंत जायचा, तोवर भट्टीत लोखंड जळायचं.

शेवटी विळा कानशीपुढं आला. घासताच पात्यात चीर दिसली.

"सांडशे, तू ये गं इकडं," कानस हळूच म्हणाली. "मी जाते दाराशी."

सांडशी आली. पण लेक शेजारणीचा विळा मागून कापणीला गेली, ती कानशीला दारातूनच दिसली.