भाऊसाहेब जिना कसे चढले?

चिंचणे गावच्या केतकीला स्नायूंचा असा आजार जडला, की पाचवी संपेपर्यंत तिचे पाय पार थकले आणि ती व्हीलचेअरवर आली. सहावीचा वर्ग नेमका माडीवर होता. वर्ग खाली घ्या आणि दाराशी उतार करा, अशी विनंती करायला आई तिला घेऊन शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब खोचरे यांच्याकडे गेली. ते पटांगणात सगळ्या मुलांसमोर भाषण ठोकत होते.

“हे बघा ताई,” भाऊसाहेब माईकवरूनच गरजले, “एका मुलीसाठी शाळा बदलत नसते. जो आपल्या पायांनी जिना चढेल, तोच माडीवर बसेल!”

आईचे डोळे भरून आले. केतकी मात्र म्हणाली, “मग आधी बाकं खाली आणा. चार-चार पाय असून एकही बाक आपण होऊन चढलं नाही. माणसांनी उचलून नेलं.”

“बाकांचं काय घेऊन बसलीस!”

“बरं, बाकं राहू देत. पण परवा वाजतगाजत माडीवर बसवलेला तुमचा अर्धपुतळा? त्याला तर कमरेखाली काहीच नाही. तो कुठल्या पायांनी चढला?”

पटांगण खदखदून हसलं. मुख्याध्यापकांनी तोंडात रुमाल कोंबला. भाऊसाहेबांनी नकळत स्वतःची कंबर चाचपली आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

“हरलो पोरी! वर्ग खाली आणा रे!”

सोमवारी वर्ग खाली आला, दाराशी उतारही झाला. पहिल्याच तासाला केतकीने बडबडीबद्दल बाईंचा ओरडा खाल्ला आणि घरी जाऊन तो सगळ्यांना कौतुकाने सांगितला.