दोरीचं घर

सबनीससाहेब, मघापासून तुम्ही आमच्या घरांचे फोटो काढताय आणि वहिनी गालातल्या गालात हसतायत, ते बघितलं मी. हसा की! दोरवाडीत सरळ भिंतीचं घर शोधून सापडायचं नाही. हे समोरचं माझ्या पुतण्याचं घर. त्याची मागची भिंत अशी आत गेलीय की कपाट कुठं ठेवायचं यावरून नवरा-बायकोची अजून भांडणं होतात. पलीकडच्या घराला पाच कोपरे आहेत. शाळा बांधायला आलेला ठेकेदार मला म्हणाला, "बाबा, तुमचे गवंडी शुद्धीवर असतात ना?" असतात हो, अगदी शुद्धीवर असतात. पण इथं घर आधी दोरीनं आखायचं, आणि दोरी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यायची, अशी रीत आहे. झाड जिथं असेल तिथं भिंत वळते. ही रीत कशी पडली ते ऐका, कारण वरचं रान आता तुम्ही घेतलंय. बसा. चहा येतोय.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते कोणाला ठाऊक नाही. तेव्हा इथं वस्ती नव्हती, नुसतं रान होतं. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन. आमचे मूळपुरुष लखू येडगे आणि त्यांची बायको ठकूबाई, जातीचे गवळी धनगर. म्हशी पुढं, संसार डोक्यावर. चारा संपला की खोप मोडायची आणि पुढच्या डोंगराला जायचं. ठकूबाईची तीन पोरं तीन डोंगरांवर जन्मली, असं सांगतात. तिच्या मनात एकच होतं. आपल्या घराला दार असावं. खोपीला दार नसतं. पालापाचोळा बाजूला सारायचा आणि वाकून आत शिरायचं.

खालच्या गावचे सुभानजी पाटील यांचं हे रान. त्यांच्याकडं लखूनं शब्द टाकला, आणि दोन दुभत्या म्हशींच्या बदल्यात पाटलांनी रानाचा तुकडा द्यायचं कबूल केलं. पण पाटलांचे भाऊबंद बिथरले. धनगर कुठं एका जागी टिकतो का, चार महिन्यांनी उठून जाईल आणि मागं रान उजाड करून ठेवील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पाटलांनी अट घातली. "लखू, पाडव्याला मी वर येईन. खोप चालायची न्हाई. दार असलेलं घर पायजे, आन् घरात चूल पेटलेली पायजे. न्हाईतर तुझ्या म्हशी तुला आन् माझं रान मला."

लखूनं पाटलांचे पाय धरले आणि नवरा-बायको अक्षरशः पळत डोंगर चढले म्हणे. स्वतःचं रान! ठकूबाई एकेका झाडाला हात लावत हिंडली. हे आपलं, हेही आपलं, ते वरचंसुद्धा आपलंच. वहिनी, परवा तुम्ही गाडीतून उतरल्या उतरल्या तसंच करत होतात, मी बांधावरून बघत होतो. त्या दिवशी तिला भाकरी थापायचं सुचेना. इथं चूल, इथं जातं, इथं पोरांनी निजायचं, असं बोलत ती नुसती फिरत राहिली. लखू तिला म्हणाला, "आगं, आधी घर तर बांदू!" आणि स्वतःही कुऱ्हाड घेऊन तिच्या मागं मागं फिरत राहिला. आनंदानं वेडीच झाली होती दोघं.

आता त्यांची चूक ऐका. रानाच्या मधोमध एक मोकळी, सपाट जागा होती. एक झाड नाही, एक झुडूप नाही, जमीन कशी चोपून काढल्यासारखी. खाली झरा. दोघांना वाटलं, देवानं आपल्यासाठीच साफसूफ करून ठेवली. तुम्हीही सकाळी खुंट्या तिथंच ठोकल्यात, साहेब. झाडं तोडावी लागत नाहीत म्हणून ना? त्यांनाही अगदी तसंच वाटलं. इतकी चांगली जागा रिकामी का राहिली असेल, हा प्रश्न काही पडला नाही. नव्या जागेच्या उत्साहात कोणालाच पडत नाही.

त्यांनी मेढी, म्हणजे घराचे खांब, रोवल्या, आडवे वासे बांधले. सकाळी बघतात तर मेढी उपटून पडलेल्या. लखूनं जास्त खोल खड्डे घेतले, दगड ठासून भरले. पुन्हा तेच. लखू घाबरला. जागेला काही आहे, कोंबडं द्यायला हवं, असं म्हणू लागला. ठकूबाई म्हणाली, द्या कोंबडं, पण मेढीही रोवा. कोंबडं दिलं, तिसऱ्यांदा मेढी रोवल्या. दिवस सरत चालले होते. पाडवा आला होता अगदी तोंडावर.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाट फुटायला ठकूबाई उठून एकटीच त्या जागेवर गेली. आणि तिनं पाहिलं. वरच्या रानातून गवे उतरत होते. पुढं एक मोठी गाय, तिच्यामागं वासरू, मागं सगळा कळप. सरळ झऱ्याकडं निघाले होते. मेढी मध्ये आल्या की गाय खांदा लावायची, मेढ आडवी व्हायची, आणि कळप पुढं सरकायचा. राग नाही, धावपळ नाही. रोजच्या वाटेनं पाण्याला निघालेली जनावरं ती. ती जागा रिकामी नव्हतीच. पिढ्यान् पिढ्या गव्यांच्या पायांनी ती तशी झाली होती.

असं सांगतात की एक शेवटची मेढ उरली, तेव्हा ती गाय थांबली आणि ठकूबाईकडं बघत उभी राहिली. खरं काय ते देवाला ठाऊक. पण ठकूबाई पुढं झाली आणि ती मेढ तिनं स्वतःच्या हातानं हलवून हलवून उपटली. मग गाय तिच्या जवळून, हात लावावा इतक्या जवळून, पाण्याला गेली.

लखू आला तेव्हा बायको मेढी गोळा करून बाजूला रचत होती. तो कपाळावर हात मारून खालीच बसला. "आगं, उद्या पाडवा! काय केलंस ह्ये?"

"आवं, आपन दुसऱ्याच्या दारात घर बांदत हुतो," ती म्हणाली. "आपल्याला दार पायजे म्हनून त्येंचं दार बंद करायचं व्हय?"

पण बोलणं सोपं असतं. नवी जागा साफ करायची, खड्डे खणायचे, कारवीच्या काठ्यांचा कूड बांधायचा, वर सारवायचं, हे एका दिवसात दोन माणसांनी करायचं कसं? दुपारपर्यंत दोघं सुन्न बसून होती. मग ठकूबाई उठली ती सरळ म्हशींकडं गेली आणि एकेकीचं दावं सोडायला लागली. लखूला वाटलं, हिनं आशा सोडली, निघायची तयारी करतेय. धनगरानं दावी सोडली म्हणजे मुक्काम हलला. पण तिनं ती सगळी दावी एकमेकांना गाठी मारून जोडली, एक लांब दोर केला, आणि वाटेपासून बाजूला, झाडीत, या जांभळीपासून त्या हिरड्याला, हिरड्यापासून ऐनाला, असा गुडघ्याइतक्या उंचीवर ताणत गेली. फिरून पुन्हा जांभळीशेजारी आली. तिथं दोन जांभळी जवळजवळ होत्या. त्यांच्यामध्ये तिनं दोर बांधला नाही. मोकळं सोडलं.

"ह्ये आपलं दार," ती म्हणाली.

आतली जमीन तिनं शेणानं सारवली. मोकळ्या म्हशी बाहेर बसून रवंथ करत होत्या, एकही कुठं गेली नाही म्हणतात. पोरांना तर सणच झाला. दारातून आत, दारातून बाहेर, पुन्हा आत. लखूसुद्धा दोनदा उगीच आतबाहेर करून आला.

पाडवा उजाडला. जांभळीला गुढी बांधली, चूल पेटली, नाचणीच्या भाकरी आणि दाट दुधाची खीर झाली. धूर बघून पाटील भाऊबंदांना घेऊन वर आले. आले आणि बघतच राहिले. चूल आहे, माणसं आहेत, घर नाही. "लखू, घर कुटाय?" लखू मान खाली घालून उभा. पाटलांनी दोर ओलांडायला पाय उचलला.

"पाटील," ठकूबाई चुलीपुढून म्हणाली, "सणाचं आलाय, जेवल्याबिगर सोडायची न्हाई. पर दारातनं या."

पाटलांचा पाय तसाच खाली आला. सणाच्या दिवशी बाईमाणसाशी वाद कोण घालणार? ते वळसा घालून दोन जांभळींपाशी गेले, त्यांच्या मागून भाऊबंदही गेले. तिथं पाण्याचा हंडा ठेवलेला होता. पाय धुतले, आत आले, पंगत बसली. खीर दोनदा घेतली म्हणे पाटलांनी.

हात धुऊन झाल्यावर पाटील म्हणाले, "ठकूबाई, जेवान झ्याक झालं. पर बोली ती बोली. भिंत न्हाई, छप्पर न्हाई, दार न्हाई. घर न्हाई तर रान न्हाई." भाऊबंदांनी माना डोलावल्या. लखूचे डोळे भरून आले.

ठकूबाईनं खरकटी ताटं उचलता उचलता विचारलं, "घर न्हाई म्हनता, मग वहाना कुटं काडल्यात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोन जांभळींच्या बाहेर वहाणांची ओळ होती. पाटलांच्या करकरीत कोल्हापुरी, आणि त्यांच्याशेजारी भाऊबंदांच्या, एकूण एक. कोणी सांगितलं नव्हतं. रानात कोण वहाणा काढतो?

पाटील आधी वहाणांकडं, नि तिथून स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघू लागले. मग मोठ्यानं हसले. भाऊबंदांकडं वळून म्हणाले, "आता बोला!" निघताना पाटील दारातूनच बाहेर पडले, वहाणा घातल्या आणि म्हणाले, "लखू, भिंती सवडीनं घाल."

आजही दोरवाडीत कोणी घर बांधायला काढलं की आधी दोर ताणतात, झाडावरून झाडावर, गव्यांची वाट सोडून. आत सारवतात, चूल मांडतात, आणि सगळ्या गावाला जेवायला बोलावतात. शेवटचा माणूस जेवून उठला की घरची बाई दाराशी जाते आणि बाहेरच्या चपला बघते. सगळ्यांनी काढल्या असतील तर दुसऱ्या दिवशी पाया खणायचा. भिंती मागाहून. घर त्या दिवशीच झालेलं असतं.