खापरगव्हाणचा एकला खांब

घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी हा काळा खांब उभा आहे, त्याला खुशाल हात लावा. नख मारून बघा. सगळेच बघतात. मागे एक गृहस्थ आले होते, ते म्हणाले, हा लोखंडाचाच आहे, वरून नुसता रंग दिलाय. म्हटलं, साहेब, पन्नास वर्षं सुतारकाम केलं मी, लोखंड आणि लाकूड एवढं तरी मला कळू द्या.

हा अंजन आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे नुसता खडक आणि ऊन, तिथे हा वाढतो, आणि वाढतो तोही फार सावकाश. गाभा तांबूस काळा. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. गाडीच्या चाकाचा मधला तुंबा, तेलाच्या घाण्यात फिरणारी लाट, मुसळ, ज्या वस्तूला रोज मार खायचा आहे ती अंजनाची करायची, असं आमचे जुने मिस्तरी सांगायचे. पण दोन बाबतींत हा फार हट्टी. ओला आहे तोवर हत्याराचं ऐकतो, एकदा वाळला की पटाशीची धार दुमडते. आणि पाण्यात सोडला की तरंगत नाही, सरळ तळाला जातो.

आता खांबाच्या डोक्याशी बघा. तिथे एक भोक आहे, बोट घाला. दोन पेरं आत जातं आणि थांबतं. नाव बांधायच्या खांबाला भोक आरपार हवं, त्यातून दोर ओवायचा असतो. हे मात्र अर्धंच आहे. ते अर्धं का राहिलं, तेवढंच मला सांगायचं आहे. मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी.

फार पूर्वी गावात उखर्डू नावाचा सुतार होता, असं सांगतात. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं. तो जगला, पण मागेपुढे कोणी नाही. होती ती बायको, झेलाबाई. मूलबाळ नव्हतं. दोघं मिळून काम करायची. मोठं भोक पाडायचं तर दोन माणसं लागतात. एकाने सामता, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, दाबून धरायचा आणि दुसऱ्याने त्याला गुंडाळलेली दोरी मागेपुढे ओढायची. उखर्डू धरायचा, झेलाबाई ओढायची. गावातल्या प्रत्येक चौकटीचं भोक असं दोघांच्या हातचं होतं म्हणे.

तेव्हा नदीवर पूल नव्हता, नावेशिवाय पलीकडे जाता यायचं नाही. नाव बांधायला घाटावर खांब होता सागाचा, उखर्डूनेच केलेला. साग चांगलाच, पण त्याच्या गाभ्याभोवती जो पांढरा थर असतो तो कच्चा. तो तासून टाकायचा असतो. खांब जाड दिसावा म्हणून उखर्डूने तो ठेवला. आम्हा सुतारांना हा मोह पडतो, मलाही पडला आहे. जमिनीत गेलेला तो पांढरा थर आधी कुजला, मग पाणी गाभ्याला लागलं. वरून खांब ठणठणीत दिसत होता.

तिसऱ्या वर्षी श्रावणात झेलाबाई भावाला राखी बांधून परत येत होती. नदीला पूर होता. नाव घाटाला लागली, दोर खांबाला बांधला, सगळे उतरले. ती शेवटी होती. तिला उतरवून घ्यायला उखर्डू पायरीवर उभा होता, हातही पुढे केला होता. ती गाठोडं उचलायला मागे वळली आणि खांब बुडातून मोडला. नाव, दोर, खांब आणि झेलाबाई एकदमच गेली. नाव चार कोसांवर सापडली. ती सापडली नाही.

गावाने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं असणार. कोणी भांडलं असतं तर निदान बोलणं झालं असतं. त्याने दार लावून घेतलं. तेराव्याला बाहेर आला तो एवढंच म्हणाला, की या घाटावर आता अंजनाचा खांब लागेल, तो मी एकटा आणीन आणि एकटा उभा करीन, कोणाची मदत घेणार नाही. असा पण करून तो कुऱ्हाड घेऊन डोंगरात गेला.

डोंगरात त्याने अंजन तोडला. ओला आहे तोवर सगळं उरकायचं होतं. पांढरा थर त्याने या वेळी कणभरही ठेवला नाही. दिवसभर तासायचा, धार लावायचा, परत तासायचा. खांब घडवून झाला आणि राहिलं ते भोक. सामता छातीखाली दाबून एका हाताने दोरी ओढायचा त्याने प्रयत्न केला. सामता डगमगायचा. दोरीचं दुसरं टोक त्याने पायाच्या अंगठ्याला बांधून पाहिलं. दोन पेरं भोक पडलं, आणि तेवढ्यात लाकूड वाळलं. पुढे सामत्याचं टोकच मोडलं. त्या रानात त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी तो बोलला नसता.

खांब गावाकडे आणायला वाट एकच, नदीची. आश्विन लागला होता, पाणी ओसरत चाललं होतं. दगड उघडे पडले असते तर खांब तिथेच अडकून राहिला असता. त्याने पहारेने लोटत लोटत तो पाण्यात ढकलला. खांब बुडाला. उखर्डू बुडी मारायचा, तळाशी जाऊन पहार लावायचा, हातभर सरकवायचा आणि श्वास घ्यायला वर यायचा. अशाने दिवसाला दहा-बारा हात सरकायचा. गाव होतं तीन कोसांवर.

चौथ्या दिवशी वरून बांबूंचा तराफा घेऊन एक म्हातारा पावरा आदिवासी आला. नाव दित्या. त्याने हे पाहिलं आणि तो म्हणाला, "दादा, हाई लाकूड एकलं तरत नही. दोन्ही आंगे बांबू बांध."

उखर्डू पाण्यातूनच म्हणाला, "कोनी मदत लेवानी नही. मना पन शे."

म्हातारा म्हणे हसला. "तुले कोन मदत करस, बा? मी ते लाकूडले करी ऱ्हायनू."

उखर्डूने पहार बाजूला केली. दित्याने आपला तराफा सोडला, खांबाच्या दोन्ही बाजूंना बांबूंच्या दोन मोळ्या बांधल्या. खांब वर आला. तीन कोस तो गुमान तरंगत आला आणि मागून उखर्डू पोहत आला.

घाटावर सगळा गाव जमला होता. उखर्डूने उतार खणला, खांब पहारेने सरकवला, खड्ड्यात उतरवला, उभा केला. दोन दिवस लागले. त्याचा पण मोडायचा नाही म्हणून गाव नुसता पायऱ्यांवर बसून बघत राहिला. मला विचाराल तर हीच मोठी चूक. शेवटी भोक तेवढं राहिलं. एक शेजारी नवा सामता घेऊन पुढे झाला. म्हणाला, दोरी मी ओढतो, दोघं मिळून हळूहळू पाडू. उखर्डूने त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

"ती जागा झेलीनी शे," एवढंच तो म्हणाला.

मग भोक कोणीच पाडलं नाही. नाव खांबाच्या गळ्याला बांधू लागले, त्या दोराची ही खाच. पुढे किती पूर आले, या खांबाची नाव कधी सुटली नाही. आणि उखर्डूच्या घरी कधी कोणी गेलं नाही. त्याला एकटं राहायचं आहे, राहू दे, असं सगळे धरून चालले. एका हिवाळ्यात तो गेला. घरातून धूर निघत नाही हे तीन दिवसांनी एका गुराख्याच्या ध्यानात आलं. दार उघडलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता म्हणे, आणि सामत्याच्या दोरीचं एक टोक त्याच्या मुठीत होतं.

त्या दिवशी दित्या पुन्हा बांबू घेऊन आला होता. त्याने विचारलं, माझ्या लाकडाचा धनी कुठे आहे? लोकांनी सांगितलं. म्हातारा चिडला. म्हणाला, लाकडाच्या बाजू मी बांधल्या, माणसाच्या तुम्हाला बांधता आल्या नाहीत? तिथूनच आमच्याकडे बाजू बांधायची रीत पडली. घरात एकच माणूस उरलं, की तेराव्याला त्याच्या उजवीकडचा आणि डावीकडचा शेजारी या खांबापाशी येतो आणि खांबाला हात लावतो. उजवीकडच्याने सकाळी हाक मारायची, डावीकडच्याने दिवेलागणीला. त्या एकट्या माणसाने हाक नको म्हटलं तरी मारायची. उत्तर आलं नाही तर दार उघडायचं.

आता वरच्या अंगाला पूल झाला, नाव गेली. पोरं सुरतेला गेली, अर्ध्या घरांना कुलपं आहेत. पण रीत मोडलेली नाही. आजही दिवेलागणीला या गावात हाका ऐकू येतात. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या उजवीकडचं घर बंद आहे. डावीकडे धुडकाबाई, तीही चार वर्षांपासून एकटी, तिच्या पलीकडचं घरही बंद. म्हणून सकाळी मी तिला हाक मारतो आणि संध्याकाळी ती मला. दोन जड लाकडं एकमेकांना बांधली तर तरंगतात की बुडतात, ते दित्याने सांगून ठेवलं नाही. चार वर्षं झाली, अजून तरी वर आहोत.

ती बघा, हाक आली. "जेवनात का, मिस्तरी?"

जरा थांबा हं, मला आधी तिला उत्तर देऊ द्या.