टर्बो आणि पिपाणी

एकदा एक कुल्फीवाले शेठ घाटाच्या पायथ्याशी अडकले. पिकअपमध्ये पेट्या, पेट्यांत बर्फ-मीठ, त्यात चारशे पाहुण्यांची कुल्फी, आणि वर घाटमाथ्यावर गोरज मुहूर्ताचं लग्न! पण पिकअपनं पहिल्याच वळणावर मान टाकली. निळा धूर सोडत, उलटी घरंगळत ती थेट उस्तादांच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

उस्तादांचा चेला पोपट. त्याचा पाना जोरात चालायचा आणि तोंड त्याहून जोरात. याच गाडीला त्यानं गेल्या आठवड्यात, जादा हवा कोंबून इंजिनाला जोर देणारा, नवा टर्बो बसवला होता आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना दोनदोनदा सांगितलंही होतं.

"काय पोपटराव," शेठ म्हणाले, "नवा बसवला होता, की जुनाच पुसून लावला?"

पोपटचा चेहरा पडला. टर्बो खोलून बघतो तर आतला पंखा लुळा पडलेला.

"ही गाडी आज वर पोचली नाही," उस्ताद म्हणाले, "तर उद्यापासून तू नुसती पंक्चरं काढायची. इंजिनाला हात लावायचा नाही."

पोपटनं स्कूटर पिटाळली आणि तालुक्याहून दुसरा टर्बो घेऊन आला. तोवर पेट्यांखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. तो टर्बो बसवणार, एवढ्यात उस्तादांनी इंजिनातून टर्बोकडे जाणारा बोटभर पाइप सोडवला, पुसला आणि पोपटच्या हातात दिला.

"फुंक."

"काय?"

"बहिरा झालास? फुंक!"

पोपटनं फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान लालबुंद झाले. पाइपातून हवेचा कणसुद्धा निघाला नाही.

"अहो, माझी कुल्फी वितळतेय," शेठ ओरडले, "आणि तुम्ही पिपाण्या कसल्या वाजवताय!"

"वाजत नाहीये, हाच तर लोच्या आहे," उस्ताद हसले. मग पोपटकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाळा, टर्बो म्हणजे भिंगरी. सारखी गरगर फिरते, तेलाच्या घोटावर जगते. जळक्या तेलाच्या काजळीनं हा पाइप बुजलाय. पहिला टर्बो तहानेनं मेला. गेल्या आठवड्यात तू नवा आणलास आणि त्याच कोरड्या विहिरीवर पाठवलास. मेलेला बदललास, मारणारा तसाच ठेवलास. आता तिसऱ्यालाही मारणार होतास."

पोपट बाह्या सरसावत उठला. मग कामाला भिडला. नवा पाइप, नवं तेल, नवा फिल्टर. टर्बो बसवून झाला तसे शेठ चावी फिरवायला धावले.

"थांबा!" पोपटनं त्यांचा हात धरला. "आधी त्याला पाजू द्या." त्यानं टर्बोच्या तोंडात तेल ओतलं, पाइप जोडला आणि डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवला. तेल पोचल्यावरच इंजिन सुरू केलं.

उस्तादांनी मान डोलावली.

मग काय! शेठच्या शेजारी पोपट बसला आणि पिकअप घाट चढायला लागली. ज्या वळणावर मघाशी रडली होती, तिथं एका एसटीला मागे टाकून गेली. खिडकीतून पोपटनं एसटीच्या ड्रायव्हरला सलामही ठोकला. धूर नाही, कुरकुर नाही, नुसती बारीक शीळ. मंगलाष्टकं सुरू व्हायला आणि गाडी मांडवात शिरायला एकच गाठ पडली.

"बंद करतो आता," शेठ चावीकडे हात नेत म्हणाले.

"जरा दम खाऊ द्या तिला," पोपट म्हणाला. "तिची भिंगरी अजून फिरतेय. तेल चालू राहू द्या."

रात्री तो दोन कुल्फ्या बर्फात दडवून परतला. उस्तादांनी एक चावली.

"घट्ट आहे."

"मग उद्या पंक्चर?"

"उद्या इंजिन," उस्ताद म्हणाले.

तर मंडळी, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडायला लागली, की नवी आणायला पळण्याआधी तिच्या पाइपात एकदा फुंकून बघा.