लखलख डॉट राजची कल्हई

येसूने सकाळी दुकानाचं संकेतस्थळ उघडलं, तर तिथे दुकानच नव्हतं! ना हंडे, ना घंगाळं. नुसती एक पाटी: 'लखलख डॉट राज हे नाव आता गुलाबशेट यांचं. परत हवं असल्यास नावपालटाची फी एक हजार मोहरा!'

"आबा, आपलं नाव गेलं!" येसू ओरडली.

रंगनाथ तांबटांनी कपाळावर हात मारून घेतला. चूक त्यांचीच होती. देवशिळेच्या राज्यात इंटरनेटवरच्या नावाची मुदत दर वर्षी एक मोहर भरून वाढवावी लागे, आणि त्याची आठवण रंगनाथांच्या फोनवर येई. पण तो फोन खंडेनवमीला हातोडी-सांडशीच्या शेजारी पाटावर मांडलेला! धंद्याचं हत्यारच ना तेही? त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि बंद करून ठेवला. पूजेतल्या हत्याराला दसरा होईपर्यंत शिवायचं नाही, ही तांबटांची रीत. नेमकी त्याच दिवशी मुदत सरली, आणि असल्या नावांवर डोळा ठेवून बसलेल्या गुलाबशेटने ते एका मोहरेत उचललं.

"दुसरं नाव घेऊ या का गं?" रंगनाथांनी चाचरत विचारलं.

"आणि भांड्यांचं काय करायचं, आबा?"

खरंच की! वीस वर्षांत विकलेल्या एकूणएक भांड्याच्या बुडावर रंगनाथांनी स्वतःच्या हाताने ठोकलं होतं, 'लखलख डॉट राज. दर दिवाळीला एक कल्हई फुकट.' त्या नावावरच तर गिऱ्हाईक येई. नाव गेलं की दुकान बसलंच म्हणायचं. आणि हजार मोहरा त्या बापलेकींनी स्वप्नातसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

येसू तडक दरबारात गेली. चक्रधरराजे न्यायी होते, पण हेकट! एकदा नियम केला की तो खुद्द राणीसाहेबांसाठीही वाकत नसे.

"महाराज, एका मोहरेचं नाव, आणि हजार मोहरा फी? हा कुठला न्याय?"

"नाव ज्याचं, फी त्याच्या मर्जीची," राजे म्हणाले.

"पण मग ती मीच का भरायची? शेटनी का नाही?"

"कारण गरज तुला आहे! ज्याला नावपालटाची गरज, त्यानं फी भरायची. नियम म्हणजे नियम!"

दरबारातच बसलेला गुलाबशेट मिशीतल्या मिशीत हसला. येसूचे डोळे भरून आले होते, पण त्या हसण्याने तिचं डोकं एकदम ताळ्यावर आलं.

"बरं, महाराज. मग एवढं सांगा, त्या नावावर जे जे येईल ते कुणाचं?"

"नावाच्या मालकाचं. निरोप, मागण्या, गिऱ्हाइकं, सगळं!"

"हे सगळं लिहून द्याल?"

"द्या, द्या, लिहूनच द्या!" गुलाबशेट घाईघाईने म्हणाला. तांबटाची सगळी गिऱ्हाइकं आयती मिळणार म्हणून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. राजांनी दोन्ही नियम कागदावर उतरवून शिक्का मारला. येसूने कागद ओच्यात खोचला, घरी आली आणि भट्टी विझवून टाकली.

वसुबारसेच्या दिवशी गुलाबशेटच्या फोनवर निरोपांचा पाऊस पडला. 'कल्हईला कधी येऊ?' 'आमचे चार टोप आहेत.' 'यंदा घंगाळही आणते हं!' शेटने फोन उशीखाली दडपला. पण लोक दडपता येतात थोडेच? धनत्रयोदशीला दाराबाहेर ही रांग!

"अहो, मी कल्हईवाला नाही!"

"नाही कसे?" एका आजीबाईंनी पातेलं उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. "हे बुडावरचं नाव तुमचंच ना? मग आणा कथील, आणा नवसागर!"

तेवढ्यात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले आचारी आले. मागे तीन बैलगाड्या, आणि गाड्यांत तीनशे भांडी. "शेटजी, उद्या पहाटे राजांचं अभ्यंगस्नान. लवकर आटपा!"

शेट अनवाणीच दरबारात पळाला. मागून रांग, रांगेमागून गाड्या! येसू आधीच येऊन उभी होती.

"महाराज, मला वाचवा! हिचं नाव हिला परत द्या!"

"नावावर जे येईल ते मालकाचं," राजे म्हणाले. "शिक्का मीच मारलाय. बसा भांडी घासायला!"

"ये गं बाई," शेट येसूपुढे हात जोडून रडकुंडीला आला, "घे तुझं नाव! फुकट घे! एक छदाम नको मला!"

"फुकट? छे, छे!" येसूने ओच्यातला कागद काढला. "नावपालटाची फी हजार मोहरा, ही तर तुमचीच पाटी. आणि ज्याला गरज त्यानं फी भरायची, हा महाराजांचा नियम. नाव गेल्यावर मी घरी स्वस्थ बसलेय, शेटजी. मग सांगा, आज गरज कुणाला आहे?"

हे ऐकून चक्रधरराजे जे हसत सुटले, ते मुकुट तिरका होईपर्यंत!

"हेकट मी खरा," डोळे पुसत ते म्हणाले, "पण आज माझा हेका पहिल्यांदाच कुणाच्या कामी आला! शेट, हिच्या पदरात मोजा मोहरा! आणि पोरी, लखलख हे नाव आता तहहयात तुझं. मुदत नाही, फी नाही. यापुढे सणाच्या दिवशी कुणाचंच नाव जाणार नाही!"

संध्याकाळी तांबटांची भट्टी पुन्हा धडधडली. रांग हसत-खिदळत पुढे सरकत होती. सगळ्यात शेवटी एक जण पदरचा गडू उपरण्याखाली लपवून उभा होता.

"द्या इकडे, शेटजी," येसू म्हणाली. "बुडाला नाव आहे ना? मग तुमचीही कल्हई फुकट!"