उचलून नेण्याची सोय

नव्या वसाहतीचा नकाशा शाळेतल्या मुलांकडून करून घ्यायचं नगरपालिकेनं ठरवलं. नाझनीन चाकाच्या खुर्चीवरून फिरायची, म्हणून तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, वृंदानं, वाचनालयाला पायऱ्यांऐवजी रॅम्प काढला.

पाहणीला आलेल्या काळसेकर इंजिनिअरसाहेबांनी शाळेच्या मंचावर बसूनच त्यावर काट मारली. "रॅम्प कशाला, बाळ? आपली माणसं प्रेमळ आहेत. दोघं पुढे होतील, अलगद उचलतील."

नाझनीनची मान खाली गेली. पण साहेब निघाले, तशी वर्गात हात वर करायलाही लाजणारी वृंदा शाळेच्या दोन्ही शिपाईकाकांना म्हणाली, "काका, साहेबांना मंचाच्या पायऱ्या उतरायच्यात. अलगद उचला."

साहेबांचे गुडघे दुखत असावेत असं वाटून दोघं धावले. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले.

"अहो, सोडा! चारचौघांत हे काय? माझा मी उतरेन!"

"साहेब," वृंदा हळूच म्हणाली, "नाझनीनलाही एवढंच म्हणायचंय."

साहेब शर्ट सारखा करत क्षणभर नाझनीनकडे बघत राहिले. मग त्यांनी नकाशा परत मागवला आणि खाली लिहिलं, "रॅम्प हवाच. दोन्ही दारांना."