भिंगरूच्या गाडीची गादी

शेताच्या बांधावर एका बिळात एक उंदीर राहायचा. नाव त्याचं भिंगरू. भिंगरूने शर्यतीची गाडी केली. स्वतः केली बरं का. अर्धी करवंटी, चार बुचांची चाकं, वर लालभडक रंग. आणि आत बसायला गवताची गादी.

रंग वाळायला गाडी उन्हात ठेवली. तेवढ्यात आली शेळी. कर्रम कुर्रम, कर्रम कुर्रम. गादी फस्त. शेळीच ती, तिला गादी काय आणि गवत काय.

संध्याकाळी तर टेकडीवर शर्यत. भिंगरूने नुसत्या करवंटीत बसून गाडी पळवून पाहिली. धडक धडक, टणक टणक. बूड लाल झालं. भिंगरूला रडू आलं. थोडंसं रडला, नाक पुसलं आणि निघाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. शिंपीण पक्षीण पानं शिवत होती.

"शिंपीणताई, शिंपीणताई, गादी शिवून दे."

"खोळ शिवते. पण आत भरू काय? गवत भरलं तर शेळी परत खाईल. आधी कापूस आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. सावरीचं झाड उभं होतं.

"सावरमावशी, सावरमावशी, कापूस दे. शिंपीण गादी शिवेना, मी शर्यतीला जाऊ कसा?"

"घशाला कोरड पडलीय रे. बोंडं उघडतच नाहीत. आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. शेताला पाणी नेणारा पाट होता.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड. सावर कापूस देईना, शिंपीण गादी शिवेना, मी शर्यतीला जाऊ कसा?"

"म्हैस बसलीय माझ्यात. पाणी जाणार कुठून? आधी तिला उठव."

तुरुतुरु, तुरुतुरु. म्हैस चिखलात बसली होती. डोळे मिटलेले.

"म्हैसकाकू, म्हैसकाकू, ऊठ ना. पाट पाणी सोडेना, सावर कापूस देईना, शिंपीण गादी शिवेना, मी शर्यतीला जाऊ कसा?"

"कान ठणकतोय बाळा. काटेरी गोखरू रुतलंय आत. आधी कावळ्याला बोलाव, तो काढेल."

तुरुतुरु, तुरुतुरु. कावळा खांबावर होता.

"कावळेकाका, कावळेकाका, गोखरू काढ. म्हैस काही उठेना, पाट पाणी सोडेना, सावर कापूस देईना, शिंपीण गादी शिवेना, मी शर्यतीला जाऊ कसा?"

"माझी चोच एवढी मोठी. तिचा कान फाटला म्हणजे? तुझे दात बारीक. तूच काढ की."

भिंगरूने म्हशीकडे पाहिलं. म्हैस केवढी! भिंगरू एवढासा. पण शर्यत होती ना. शेपटी धरून चढला. पाठीवरून पळाला. कानात शिरला. गोखरू दातात धरलं. ओढलं, ओढलं, ओढलं. पट्!

गोखरू निघालं, म्हैस उठली. छपाक.

म्हैस उठली, पाट सुटला. खळखळ खळखळ.

पाट सुटला, सावर पाणी प्याली. गट गट गट.

सावर पाणी प्याली, बोंडं उकलली. फट् फट् फट्. कापूसच कापूस.

शिंपिणीने निळी खोळ शिवली. टुच टुच टुच. कापूस ठासून ठासून भरला. गादी झाली. खाली मऊ, पाठीला मऊ.

टेकडीवर बेडूक आला, सरडा आला. त्यांच्या गाड्या दुकानातल्या, चकचकीत. आत बसायला नुसता पत्रा. निघाल्या गाड्या. भुर्र भुर्र भुर्र.

वाटेत आले दगड. बेडूक उडाला टुणुक. सरडा उडाला टणक. दोघे थांबले, बूड चोळत बसले. भिंगरू मात्र गादीत रुतून बसलेला. थांबला नाही की उडाला नाही. भुर्र, भुर्र, भुर्र. भिंगरू पहिला!

बेडूक मागून लंगडत आला. "भिंगरूशेठ, ही गादी कुठल्या दुकानातली?"

भिंगरूने मिशीला पीळ दिला.

"दुकानातली नाही. घरची आहे."

गाडी गेली भुर्र, गोष्ट सरली सुर्र.